संघपालच्या हाताखाली

रोशनीला त्या दुपारी कॅज्युअल्टीत पोछा मारायला बोलावलं, तेव्हा रक्त कुणाचं आहे हे तिला ठाऊक नव्हतं. धंतोलीतल्या त्या खासगी दवाखान्यात ती बरीच वर्षं सफाईचं काम करत होती. सगळ्या विदर्भातून तिथं माणसं यायची, कुणी ट्रॅक्टरखाली आलेलं, कुणी मोटारसायकलवरून पडलेलं. रक्त पुसणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. तिनं दारापासून आत गेलेली लाल रेघ पुसत नेली, फडकं बादलीत पिळलं आणि पिळता पिळता तिची नजर स्ट्रेचरखाली पडलेल्या चपलेवर गेली. त्या चपलेचा अंगठा मागल्याच आठवड्यात तिनं स्वतः तारेनं बांधून दिला होता.

पडद्याआड जायला निघाली तर नर्सनं अडवलं. भिंतीशी सौरव उभा होता. सौरव म्हणजे तिचा नवरा संघपाल ज्याच्याकडे सुतारकाम करायचा तो फर्निचरचा ठेकेदार. त्याचा शर्ट पोटापाशी भिजलेला होता.

"वहिनी, त्यानंच सांगतलं, माह्या बायकोच्याच दवाखान्यात न्या म्हणून," तो म्हणाला. हातातली पॉलिथिनची पिशवी त्यानं नकळत पाठीमागं धरली. पिशवीत काय होतं ते रोशनीला नंतर कळलं. तुटलेल्या बोटांना लाकडाचा भुसा चिकटला होता. डॉक्टरांनी ती पाहिली आणि मान हलवली. उजव्या हाताला आता फक्त अंगठा राहिला.

भांडेवाडीकडच्या शेडमध्ये कटर मशीन होतं, टेबलातून वर आलेलं फिरतं पातं. त्यावर एक लोखंडी झाकण असायचं. जाड लाकूड त्यात अडकतं म्हणून सगळे ते काढून ठेवायचे. त्या दिवशी ते संघपालनंच काढलं होतं. म्हणून त्यानं कुणाला बोल लावला नाही. सौरवनं दवाखान्याचं निस्तरलं, काही दिवस घरी येऊन विचारपूस केली, मग त्याचं येणं हळूहळू बंद झालं. तेही रीतीप्रमाणेच झालं.

रोशनी कुही तालुक्यातली. धानाच्या बांध्यांत वाकून रोवणी करत वाढलेली, दहावी झाल्यावर लग्न होऊन नागपुरात आली. माहेरी तिला सांगितलं होतं, पोरगा मिस्तरी आहे, हातात कला आहे. ते खोटं नव्हतं. संघपाल रुपराव नावाच्या म्हाताऱ्या सुताराच्या हाताखाली तयार झाला होता. रुपरावांनी त्याला सुरुवातीला कितीतरी महिने फक्त पटाशा, लाकूड कोरायच्या छिन्न्या, घासायला लावल्या. लाकडाला हात लावू दिला नाही. हे संघपाल अभिमानानं सांगायचा. सौरवकडे प्लायवूडची कपाटं करून त्याचं पोट भरायचं, पण जीव सागवानात असायचा. घराच्या पडवीत त्यानं थोडं थोडं करून सागवान जमवलं होतं. मुलीसाठी, रितिकासाठी, त्याचा दिवाण करायचा होता.

हात गेल्यावर तो त्या पडवीतच बसून राहायला लागला. बोलायचा नाही. डाव्या हातानं जेवताना भात सांडायचा, आणि चमचा दिला की ताट सरकवून द्यायचा. त्याची आई सिंधूताई सांडलेली शितं गुपचूप वेचायची. रितिका शाळेतून आली की आधी दारातून डोकावून पाहायची, बाप कुठं बसलाय ते, आणि मग दुसऱ्या बाजूनं आत यायची.

पावसाळ्यात न्हाणीचं दार फुगलं. ओढून ओढून रोशनीचा खांदा दुखायला लागला, तशी एका रविवारी तिनं दार बिजागऱ्यांतून काढलं, नवऱ्याच्या पेटीतला रंधा घेतला आणि दाराची कड तासायला बसली. रंधा दोन वीत गेला आणि रुतला. जोर लावला तर लाकडाची ढलपीच निघाली.

"उलटा चालवून राहिली," मागून आवाज आला.

तिनं वळून पाहिलं. कितीतरी दिवसांनी तो आपणहून बोलला होता.

"लाकडाले आधी पाह्य. रेषा कोणीकडं जाऊन राहिली? तिच्याच अंगानं जा लागते. मांजरीच्या पाठीवरून हात फिरवते तसा."

तिनं दार फिरवलं. रंधा चालला, आणि पातळ, लांब पापुद्रा गुंडाळी होऊन तिच्या मांडीवर पडला.

"हां," संघपाल म्हणाला. "आता थांबू नको."

शिकायचं असं कुणी ठरवलं नाही. दारानंतर पाट आला, पाटानंतर शेजारच्या जिजाबाईचं मोडकं स्टूल आलं. रोशनी सकाळची पाळी करून दवाखान्यातून यायची, जेवण उरकायची आणि पडवीत बसायची. संघपाल समोर पालथ्या बादलीवर. तो बोलायचा, ती करायची. आपला उजवा हात तो उपरण्याखाली ठेवायचा. कधी सांगताना रंगून गेला की तो हात आपसूक बाहेर यायचा, हवेत पटाशी धरल्यासारखा वळायचा, आणि मग त्याच्या लक्षात यायचं.

मास्तर म्हणून तो वाईट होता, म्हणजे कठोर होता. दिवसच्या दिवस तिला पटाशीच घासायला लावली. धार आली की नाही ते तो मनगटावरचे केस कापून पाहायचा. करवत वाकडी गेली की "पुन्हा". रेघ जाड आली की "पुन्हा". एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवायचं, त्या टोकाला कुसू म्हणतात. रोशनीनं केलेलं पहिलं कुसू खाचेत बसलं तेव्हा तिला वाटलं, आता तरी तो बरं म्हणेल. त्यानं ते डाव्या हातानं हलवलं. किंचित खुळखुळलं. त्यानं हातोडी उचलली आणि सगळा सांधा ठोकून फोडला.

"हे माणूस बसलं की मोडते," तो म्हणाला. "पुन्हा कर."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी सकाळपासून उभी हावो. तुमाले समजत नाई का?"

"लाकडाले समजत नाई."

सिंधूताईंना हे पसंत नव्हतं. त्यांचे वडील छप्पन्न साली दीक्षा घ्यायला बैलगाडीनं आले होते. ती गोष्ट त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. पण सुनेच्या हातात करवत पाहिली की त्यांचं तोंड कडू व्हायचं.

"बाईच्या जातीनं हे काम केलेलं मी तर नाई पाह्यलं वं," त्या म्हणाल्या. "लोक हासून राहिले. नवऱ्याचा हात गेला तं बायकोनं घेतला म्हणतात."

"आई, तुह्या बापानं एवढं सगळं सोडलं," संघपाल म्हणाला, "तू एवढंही नाई सोडत?"

सिंधूताई उठून आत गेल्या. रोशनीला त्या दिवशी नवऱ्याबद्दल जे वाटलं ते लग्नात वाटलं नव्हतं. नंतरचं सगळं झाल्यावरही तिनं त्या एका वाक्याचं श्रेय त्याच्याकडून कधी काढून घेतलं नाही.

हिवाळा संपेपर्यंत सागवानाचा दिवाण उभा राहिला. एक खिळा नाही, सगळा सांध्यांवर. रितिका त्यावर उड्या मारत होती तेव्हा संघपाल खाली वाकून प्रत्येक पायाचा सांधा चाचपत होता. उठला आणि म्हणाला, "सौरवले भेट."

सौरवनं आधी टाळलं. साइटवर बाई म्हणजे भानगड, पोरं काय म्हणतील, पार्टी काय म्हणेल. मग दिवाण पाहायला आला आणि बराच वेळ उभा राहिला. पडवीत पालथ्या बादलीवर संघपाल बसला होता. दोघांनी एकमेकांच्या नजरेला नजर दिली नाही.

"पॉलिशच्या कामाले येऊ दे," सौरव म्हणाला. "मंग पाहू."

रोशनीनं काचकागद घासण्यापासून सुरुवात केली. धुळीनं नाक, घसा, कान भरून जायचे. साइटवरची पोरं सुरुवातीला तिला ताई म्हणून चहा आणायला पाठवायची. ती जायची. पण एकदा बेसा रोडच्या एका फ्लॅटमध्ये देव्हारा करायचा होता, खऱ्या लाकडाचा, आणि पोरांना फक्त प्लाय कापून चिकटवायची सवय. ते काम तिच्याकडे आलं. देव्हाऱ्याचे सांधे बसले तेव्हा घरमालक वामनराव, निवृत्त बँकवाले, पत्नीला बोलावून म्हणाले, "इंदू, बाईंचा हात पाहा." पुढं तिला तशीच कामं येत गेली. तिनं दवाखाना सोडला.

आणि नेमकं तिथूनच घरात काहीतरी बिनसायला लागलं.

सुरुवातीला संघपाल तिच्याबरोबर साइटवर यायचा. कुठून तरी बादली शोधायचा, पालथी घालायचा आणि बसायचा. तो सांगेल तसं ती करायची. पोरं त्याला मानायची, जुना मिस्तरी म्हणून. पण घरमालक आले की तिच्याशी बोलायचे. दाराची उंची तिला विचारायचे, कडी कोणती बसवू ते तिला विचारायचे. ती संघपालकडे पाहायची, तो उत्तर द्यायचा, आणि माणसं ऐकून पुन्हा तिच्याकडेच वळायची. एका घरी मालकिणीनं चहा आणला, रोशनीला दिला, पोरांना दिला आणि विचारलं, "हे बाबा कोण? तुमच्यासोबतच आहेत का?"

"माहे मालक हायेत," रोशनी म्हणाली. "त्यायनंच शिकवलं मले."

"हो का," बाई म्हणाल्या आणि कप आणायला आत गेल्या. संघपाल तोवर उठून जिन्याकडे गेला होता. त्यानंतर तो साइटवर आला नाही.

घरी तो आता दोष काढायचा. कामात नाही, कारण काम तो पाहत नव्हता. भाजीत, बोलण्यात, तिच्या उशिरा येण्यात. तिच्या अंगाला फर्निचरच्या गोंदाचा वास यायचा, तर म्हणायचा, "सौरवच्या शेडचा वास येऊन राहिला." त्यात आणखी काय मिसळलेलं होतं ते तिला कळायचं. ती न्हाणीत जाऊन हात घासायची. सासू तव्यावरची भाकरी उलटायची आणि मुद्दाम आवाज करायची.

एक गोष्ट मात्र त्यानं पहिल्यापासून बजावली होती. "कटर मशीनले हात लावायचा नाई. आडवं उभं जे कापायचं ते पोराइले सांग. हाताच्या करवतीनं कर. पण मशीन नाई."

तिनं शब्द दिला होता आणि बरेच दिवस तो पाळलाही होता. पण हाताच्या करवतीनं काम करणाऱ्यासाठी आजच्या साइटवर कोण थांबतं? पोरं आपापली कामं टाकून तिची लाकडं कापून द्यायची, मग कुरकुरायची. सौरव म्हणाला, "वहिनी, मशीन शिकल्याबिगर मिस्तरी कसं म्हणू तुमाले?" ती शिकली. सौरवनं त्या अपघातानंतर झाकण पक्कं बोल्टानं बसवून घेतलं होतं, तेवढी अक्कल त्याला आली होती. पण साइटवर हातात धरायचं छोटं कटरही असतं, आणि त्याचं झाकण कधी नीट बसतं, कधी नाही.

उन्हाळ्यातली सकाळ होती. प्लायची पट्टी कापताना पातं अडकलं, उसळलं, आणि तिच्या डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक नखासकट घेऊन गेलं. दुखलं नाही आधी. भुशावर लाल थेंब पडले तेव्हा तिला कळलं. तिनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर मशीन बंद करून भोवताली पाहिलं, कुणी घरी कळवेल का म्हणून. मग ती आपल्या जुन्या दवाखान्यात गेली. ओळखीच्या नर्सनं टाके घातलेल्या बोटाला पट्टी बांधली आणि विचारलं, "रोशनी, तूही का?"

घरी तिनं सांगितलं, हातोडी लागली.

 संध्याकाळी संघपाल तिच्यासमोर येऊन बसला, तिचा हात आपल्या डाव्या हातात घेतला आणि दातांनी पट्टीची गाठ सोडायला लागला. ती "दुखते, राहू द्या" म्हणाली. तो थांबला नाही. पट्टी उलगडली. हातोडीनं बोट चेचतं, काळं पडतं. हे बोट सरळ, स्वच्छ कापलेलं होतं. त्यानं ते खूप वेळ पाहिलं. मग पट्टी जशी होती तशी गुंडाळायचा प्रयत्न केला, एका हातानं ते जमेना, तेव्हा रितिकाला हाक मारली आणि बाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी रोशनी कामावर गेली नाही, बोट ठणकत होतं म्हणून रितिकाला घेऊन दवाखान्यात ड्रेसिंगला गेली. परतली तेव्हा सिंधूताई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्या काही बोलायच्या आत तिला पडवी दिसली. जिथं अवजारांची पेटी असायची तिथं धुळीत नुसता चौकोन होता. रंधे, पटाशा, करवती, रुपराव म्हाताऱ्यानं मरताना संघपालला दिलेला काटकोन पाहायचा गुण्या, सगळं गेलं होतं.

"अ‍ॅटो घेऊन आला," सिंधूताई म्हणाल्या. "इकून टाकलं म्हणे. मी पाय धरले त्याचे, खरं सांगतो. नाई आयकलं."

संघपाल आत दिवाणावर बसला होता. रोशनी दारात उभी राहिली. 

"कोणाले इकलं?" तिनं विचारलं.

"भंगारवाल्याले. आतापावतर गेलं असंन इकडंतिकडं."

"रुपराव बाबाचा गुण्या?"

त्यानं दिवाणाच्या कडेवरून डावा हात फिरवला.

"मले एकच सांगा," ती म्हणाली. "माह्या हाताची भीती वाटली म्हणून इकलं, का माह्या हातानं काम होते म्हणून इकलं?"

 रोशनीला वाटलं, आता तो चिडेल, नाहीतर रडेल. त्यानं दोन्हीतलं काही केलं नाही.

"मलेच नाई समजून राहिलं," तो म्हणाला. "सकाळी उठलो तं भीती होती. अ‍ॅटोत पेटी ठेवली तवा बरं वाटलं. लई बरं वाटलं. भीती गेल्यावर माणसाले तसं वाटत नाई, रोशनी. मले मालूम हाय."

ती भिंतीला टेकली आणि खाली बसली. रितिका दोघांकडे पाहत मधोमध उभी होती. सिंधूताईंनी नातीला हाताला धरून बाहेर नेलं.

त्या रात्री घरात चूल पेटली नाही. रोशनीच्या मनात माहेरी जायचं आलं. कपड्यांची पिशवीही भरली. पण कुहीला जाऊन काय करायचं होतं? भाऊ-भावजय आपल्या ठिकाणी, आणि बांध्यांत वाकायचं तिचं वय गेलेलं. तिच्याकडे विद्या होती ती लाकडाची, आणि लाकूड इथं होतं. सकाळी तिनं पिशवी उपसली, डबा भरला आणि रिकाम्या हातानं सौरवच्या शेडवर गेली.

"पेटी कुठं हाय?" सौरवनं विचारलं.

"नाई."

सौरवनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. शेडमधली अवजारं तिला दिली. बोथट, दांडे सैल झालेली, कुणाच्याच नसलेल्या अवजारांसारखी. ती कोपऱ्यात बसली आणि पट्टी बांधलेलं बोट वर धरून पटाशी दगडावर घासायला लागली.

याला आता काही काळ झाला. रोशनी मिस्तरी आहे. साइटवर तिला कुणी चहा आणायला पाठवत नाही. हळूहळू तिनं स्वतःची अवजारं जमवली, पण ती घरी आणत नाही, शेडमध्ये कुलपात ठेवते. डाव्या तर्जनीच्या टोकाला आता काही कळत नाही, लाकडाचा गुळगुळीतपणा ती मधल्या बोटानं पाहते. सिंधूताई मागल्या वर्षी वारल्या. शेवटच्या दिवसांत त्यांना सुनेच्या हातचा पाट उशाशी लागायचा, त्यावर पाण्याचा गडवा ठेवायला. दुसऱ्या कशावर त्यांनी गडवा ठेवू दिला नाही.

संघपाल कुहीकडच्या एका राइस मिलवर चौकीदार आहे. तिथंच राहतो, सुटीच्या दिवशी येतो. रितिकाला घेऊन सीताबर्डीला जातो, तिला कपडे घेतो, मुलगी त्याच्याशी बोलते, हसतेसुद्धा. तो दिवाणावर झोपत नाही, खाली सतरंजी टाकतो. नवरा-बायकोत भांडण नाही. भांडायला काहीतरी एकत्र करावं लागतं, तसं ते आता काही करत नाहीत. त्या पेटीचा विषय पुन्हा निघाला नाही. तिनं एकदा भंगाराच्या गल्लीत सगळ्या दुकानांतून गुण्या शोधला होता. मिळाला नाही. हे तिनं त्याला सांगितलेलं नाही.

दुपारी जेवणाच्या सुटीत त्याचा फोन येतो. रोज येतो. पोरं डबे उघडून बसलेली असतात, मशीन बंद असतं. ती गॅलरीत जाऊन फोन उचलते.

"रितिका शाळेत गेली?"

"गेली."

"जेवली का तू?"

"आता बसून राहिली."

 मिलचा घरघर आवाज फोनमधून येत राहतो.

"हात?" तो विचारतो.

"हायेत," ती म्हणते.

"दोन्ही?"

"दोन्ही."

तो फोन ठेवतो. ती आत येते, डबा उघडते आणि पोरांच्या शेजारी भुशातच बसकण मारते.